दहावीचं वर्ष आहे, नेतागिरी नको म्हणणाऱ्यांना

सुधागड तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या नववी-दहावीतल्या अकरा पोरापोरींनी मागच्या पावसाळ्यात एक वही केली. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्रास मला होणार नाही, त्या पोरांना होईल. शंभर पानी वही, वर वर्तमानपत्राचं कव्हर, आणि आत शाळेत काय आहे आणि काय नाही याची तारीखवार नोंद. मुलींच्या शौचालयाला तीन दारं, कडी एकाच दाराला. टाकी आहे, नळाला पाणी नाही. विज्ञानाचे सर निवृत्त झाल्यापासून तो तास पीटीचे सर घेतात, म्हणजे फळ्यावर 'स्वाध्याय' लिहितात. संध्याकाळची पालीहून सुटणारी गाडी चुकली तर पुढची अंधार पडल्यावर, आणि फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालायचं.

ही यादी वाचून आपल्यापैकी कुणाला धक्का बसणार नाही. अशा याद्या आपण निवेदनात घालतो, तहसीलदारांना देतो, फोटो काढतो, विषय संपतो. पण त्या वहीत एका मुलीने लिहिलेली एक ओळ होती आणि तिने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. तिने लिहिलं होतं की आमच्या वर्गातली वाडीवरची तीन मुलं दिवाळीनंतर आलीच नाहीत, हजेरीत त्यांची नावं अजून आहेत.

वाडीवरची म्हणजे कातकरी. दिवाळी झाली की घरं बंद करून वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जाणारी माणसं. पोरंही सोबत जातात. सरकारी कागदावर ती शाळेत असतात. ही गोष्ट गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहीत असते, केंद्रप्रमुखांना माहीत असते, आपल्यालाही माहीत असते. पण 'आपल्या' पोरांचा प्रश्न नाही म्हणून आपण ती कधी निवेदनात घातली नाही. बौद्धवाड्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीने घातली.

पुढे काय झालं ते ऐका. वहीची कुणकुण लागल्यावर मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून घेतलं. वही ठेवून घेतली. म्हणाले, दहावीचं वर्ष आहे, पोरांना नेतागिरी शिकवू नका. एवढ्यावर मी चिडलो नसतो. मुख्याध्यापक तेच बोलणार. मी चिडलो ते आठ दिवसांनी, विहारातल्या मीटिंगमध्ये. आपलेच एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांनी नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या, ज्यांच्याकडून मी घोषणा द्यायला शिकलो, ते त्या पोरांना म्हणाले, "बाळांनो, बाबासाहेबांनी आधी शिका सांगितलंय. संघटित व्हा नंतर, संघर्ष त्याच्याही नंतर. आधी डिग्री घ्या, मग शाळा सुधारा."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. त्या माणसाविरुद्ध नाही.

पहिली गोष्ट, ही पायऱ्यांची शिडी आपण कधी बनवली? १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले तेव्हा शिकण्याच्या लगेच पुढचा शब्द चेतवण्याचा, चळवळ करण्याचा होता, संघटनेचा त्यानंतर. मराठीत घोषणा देता देता आपण क्रम फिरवला. ठीक आहे, घोषणेला ठेका लागतो. पण फिरवलेल्या क्रमावरून आता पोरांना गप्प बसवायचं, हे कुठून आलं? तिन्ही क्रिया एकाच माणसाने एकाच वेळी करायच्या आहेत. ज्याला शाळेतच बसू दिलं जात नाही, त्याने 'आधी शिका' कसं पाळायचं?

हा प्रश्न मी हवेत विचारत नाही. आपल्याच जिल्ह्यातला माणूस आहे, रामचंद्र बाबाजी मोरे. कॉम्रेड आर. बी. मोरे. महाडजवळच्या लाडवलीत १९०३ साली जन्मलेला. महाडच्या १९२७ च्या परिषदेमागे ज्यांनी गावोगाव पायपीट केली त्यांत मोरे पुढे होते, हे आपण भाषणात सांगतो. पण त्याआधीचं सांगत नाही. अकराएक वर्षांचं हे पोर हुशार, परीक्षा पास झालेलं, आणि महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. पोराने काय केलं? डिग्री घेईपर्यंत थांबलं? त्याने लेखी तक्रार केली. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेने असं करायचं नसतं हे त्या वयात त्याला कळलं होतं. अनुदानाचा प्रश्न उभा राहिल्यावर शाळेला त्याला घ्यावं लागलं. घेतलं ते वेगळं बसवून, हेही लक्षात ठेवा. म्हणजे लढाई अर्धीच जिंकली. उरलेली अर्धी त्याने तेरा वर्षांनी त्याच गावात, चवदार तळ्यावर, हजारो माणसं सोबत घेऊन लढवली. मोरेंच्या या आठवणी त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी ग्रंथरूपाने आणल्या आहेत. पालीच्या, रोह्याच्या, माणगावच्या प्रत्येक विहारात तो ग्रंथ पाहिजे.

आणि चवदार तळ्याचंच बघा. ज्या ठरावाच्या आधारावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला तो रावबहादूर बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव फक्त पाणवठ्यांचा नव्हता. त्यात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा यांच्यासोबत सार्वजनिक शाळाही होत्या. पाणी आपल्या लक्षात राहिलं, शाळा विसरलो.

बाबासाहेब विसरले नव्हते. महाडच्या परिषदेच्या अवघा आठवडाभर आधी, १२ मार्च १९२७ ला, ते मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलत होते. आकडे काढून बोलत होते. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं चौदा आणे आणि त्याच माणसाकडून दारूच्या अबकारीतून काढतं दोन रुपये दोन आणे नऊ पै. प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर पोरांतली चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी परत निरक्षर. त्यांचं म्हणणं होतं की शिक्षण हा धंदा नाही, त्याचा खर्च फीमधून वसूल करण्याकडे सरकारने डोळा ठेवू नये आणि ते सगळ्यात खालच्या माणसाला परवडलं पाहिजे. १२ मार्चला शाळा, १९ मार्चला महाड. एकाच माणसाच्या एकाच आठवड्यातली ही दोन कामं आहेत. आपण एकाचा उत्सव करतो आणि दुसरं 'शिक्षणतज्ज्ञ बाबासाहेब' नावाच्या निबंधस्पर्धेत टाकून देतो.

ती ब्याऐंशी पोरं आठवली की मला हजेरीतली ती तीन नावं दिसतात.

आता आजच्या सरकारकडे वळू. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून शेजारच्या शाळेत मिसळायचा निर्णय झाला. २०२२ मध्ये वीसच्या आतल्या शाळांची माहिती मागवली गेली. राज्यात अशा १४,७८३ शाळा निघाल्या आणि त्यात सुमारे १ लाख ८५ हजार पोरं. २०२३ च्या सप्टेंबरात 'समूह शाळा' हे गोंडस नाव आलं. लहान शाळा मिटवा, एक मोठी करा, पोरांना गाडीने आणा. त्याच महिन्यात शाळा 'दत्तक' देण्याची योजना आली, पैसे देणाऱ्याचं नाव शाळेला जोडता येईल अशी. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच काढून घेतले. शाळा बंद करायची नाही, शिक्षक काढून घ्यायचे. शाळा आपोआप बंद पडते.

या सगळ्याचं समर्थन एकच, संख्या. वीस पोरांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत.

हे समर्थन नवं नाही, पावणेदोनशे वर्षांचं आहे. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी भरायला तयार आहे, तरी सरकारी शाळेत घेत नाहीत. सरकारने उत्तर काय दिलं? या मुलावर अन्याय होतोय हे आम्हाला मान्य आहे, पण आजवर असा अर्ज करणारा हा एकटाच. एकट्यासाठी त्याला शाळेत बसवलं तर बाकीचे सोडून जातील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा हे प्रकरण पुराव्यासकट ठेवलं. तेव्हा तो 'एकटा' होता म्हणून नको. आज ते 'वीसच्या आत' आहेत म्हणून नको. धारवाडच्या प्रकरणानंतर दोन वर्षांत सरकारला जाहीर करावं लागलं की सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावर का होईना. एका मुलाच्या एका अर्जाने ते झालं. तो मुलगा 'आधी शिकला' नव्हता. शिकू देत नाहीत म्हणूनच अर्ज करत होता.

आणि वीसच्या आतल्या शाळा कुठे असतात? शहरात नसतात. त्या ठाकरवाडीत, कातकरवाडीत, धनगरवाड्यावर, डोंगरातल्या पाड्यावर असतात. सुधागडचा नकाशा काढा, सरसगडावरून खाली बघा. नदीकाठची, रस्त्याकडची गावं एकीकडे आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्या एकीकडे. पावसाळ्यात अंबा नदी फुगली की मोठमोठ्या गाड्या थांबतात, तिथे सहा-सात वर्षांचं पोर ओढा ओलांडून समूह शाळेत जाणार? शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने अंतर ठरवलंय, पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा. ते अंतर मेहेरबानी नाही, हक्क आहे. गाडी देऊ म्हणतात. गाडीचं कंत्राट संपतं, बिल थकतं, गाडी बंद होते. शाळा तोवर पाडलेली असते.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या पोरांनी २०२२ च्या ऑक्टोबरात यावर उत्तर दिलं. धरणाने उठवलेल्या आदिवासींची वस्ती. शाळा बंद केली. पोरं थेट जिल्हा परिषदेवर गेली आणि म्हणाली, दप्तर घ्या, बकऱ्या द्या. शाळा नसेल तर बकऱ्या तरी द्या, राखतो. त्यांच्यामागे श्रमजीवी संघटना होती, ते उघड आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. लगेच ओरड झाली, मुलांचा वापर केला. अरे, शाळा कुणाची बंद झाली? मोठ्यांची? ज्याचं दप्तर काढून घेतलं त्याने दप्तर परत मागायचं नाही, मागितलं तर वापर. आणि शाळेच्या कार्यक्रमात मंत्र्यांच्या स्वागताला तासभर उन्हात लेझीम खेळवत पोरं उभी करतात, त्याला काय म्हणायचं?

अमेरिकेतलंही एक उदाहरण देतो, कारण आपली पोरं ते वाचतात आणि त्यांना वाटतं असं फक्त तिथेच होतं. व्हर्जिनिया राज्यात फार्मविल नावाचं गाव. काळ्या पोरांचं वेगळं हायस्कूल, जेमतेम १८० जणांसाठी बांधलेलं, आत साडेचारशे कोंबलेले. वाढीव वर्ग म्हणून डांबरी कागदाच्या झोपड्या. पाऊस आला की गळायच्या. मोठ्यांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली होती. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळा बंद पाडली. मुख्याध्यापकांना खोटा फोन करून बाहेर काढलं, सगळ्यांना सभागृहात गोळा केलं आणि सांगितलं, आपण संपावर जातोय. (खोट्या फोनची कल्पना मी कुणाला सुचवत नाही, नाहीतर माझ्याच दारात पालक येतील.) दोन आठवडे संप चालला. पोरांनीच वकिलांना पत्र लिहिलं. मागणी फक्त चांगल्या इमारतीची होती. वकील म्हणाले, मागायचंच तर वेगळी शाळाच नको असं मागा. तो खटला पुढे १९५४ च्या ब्राऊन खटल्यातला एक भाग झाला आणि वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या.

पण इथे थांबू नका. त्या काउंटीने निकाल मानला नाही. १९५९ साली सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. पाच वर्षं. गोऱ्यांच्या पोरांसाठी खाजगी अकादमी उघडली, तिच्या फीला सुरुवातीला सरकारी पैशाचा टेकू दिला. काळ्या पोरांना काहीच नाही. समान शाळा द्यायची वेळ आली की वरचा माणूस शाळाच मोडतो आणि स्वतःच्या पोरासाठी वेगळी काढतो. आपल्याकडे शाळांना कुलूप ठोकायची गरजही पडली नाही. पाटीलवाड्यातली पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसून निघून गेली. मग पट कमी झाला. मग सरकार म्हणालं, पट कमी आहे.

त्या पिवळ्या बसमध्ये आपलीही पोरं आहेत. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. माझी मुलगी चौथीपर्यंत त्याच बसने गेली. मी 'जिल्हा परिषद शाळा वाचवा' या विषयावर भाषण करून घरी यायचो आणि तिची फीची पावती फ्रीजवर चिकटवलेली असायची. नोकरीला लागलेला, चार पैसे हाती असलेला आपला माणूस सरकारी शाळेतून पोर काढतो, तेव्हा त्या शाळेतून भांडणारा पालकही निघून जातो. मागे राहतो तो भट्टीवर जाणारा बाप. त्याच्या रोजंदारीतून शाळा समितीच्या मीटिंगचा दिवस निघत नाही. कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत असं लिहिलंय. किती ठिकाणी ती समिती म्हणजे घरी पाठवलेल्या रजिस्टरवरच्या सह्या असतात, हे तुम्हीच सांगा. जयंतीच्या डीजेवर मी काही बोलत नाही. बोललं की विषय बदलतो.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो एका चांगल्या शिक्षिकेने घेतला. त्या म्हणाल्या, तुम्ही आमच्या शाळेतल्या उणिवा चव्हाट्यावर आणता, लोक ते वाचून पोरं काढतात, पट अजून घटतो, शाळा बंद होते. खाजगीवाल्यांना हेच हवंय. यात तथ्य आहे. पण उणिवा कोण सांगतं यावर सगळं ठरतं. शाळा सोडून गेलेला माणूस उणीव सांगतो तेव्हा ती जाहिरात असते, दुसऱ्या दुकानाची. शाळेत बसलेली पोरगी उणीव सांगते तेव्हा ती म्हणत असते, मी इथेच राहणार आहे, कडी लावा. आणि वहीतली निम्मी पानं शिक्षकांच्या बाजूने होती, हे त्या मुख्याध्यापकांनी वाचलंच नाही. सरांना मतदार यादीच्या कामाला पाठवल्याने किती तास बुडाले, ते पोरांनी मोजलं होतं. कुठली शिक्षक संघटना इतका पक्का हिशोब ठेवते?

दहावीचं वर्ष. हो, आहे. विज्ञानाला शिक्षक नाही म्हणून तर ती वही झाली. विज्ञानात नापास होणाऱ्याला आपण काय सांगणार, अभ्यास कमी पडला?

ज्या पोरांना हे करायचंय त्यांच्यासाठी कामाचं थोडं बोलतो. तुमच्या शाळेची माहिती दरवर्षी यूडायस प्लसवर भरली जाते. शौचालयं किती, त्यातली चालू किती, पाणी, वाचनालय, प्रयोगशाळा, सगळं. ती कुणालाही मोबाईलवर पाहता येते. ती उघडा आणि वही घेऊन शाळेत फिरा. कागदावर 'चालू' आणि दाराला कडी नाही, एवढा फरक तारखेसह लिहिला तरी अर्धं काम झालं. उरलेलं माहितीच्या अधिकारात मागा. कायदा नागरिकांना अधिकार देतो, वयाची अट घालत नाही. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत एक विषय. घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर दाखला जोडा, दहा रुपयेही नकोत. अनुदानित संस्था असली तरी ती सरकारी पैशावर चालते, तिलाही उत्तर द्यावं लागतं. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका. अकरा जणांनी अकरा वेगळे करा, म्हणजे एकाच्या बापाला बोलावून भागणार नाही. ग्रामसभेत तुम्हाला मत नाही, पण तुमच्या आईला आहे. २ ऑक्टोबरच्या सभेला तिला घेऊन जा आणि तिच्या शेजारी बसा.

आणि मोठ्यांनी काय करायचं? त्या मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं त्या दिवशी केबिनमध्ये चार बाप हात जोडून उभे होते. आपल्यातला एकही कार्यकर्ता त्यांच्या बाजूला उभा नव्हता. मीही नव्हतो. मला दुसऱ्या दिवशी कळलं, ही सबब झाली. पुढच्या वेळी किमान दोघांनी जायचं असं विहाराच्या मीटिंगमध्ये ठरलंय. ते ज्येष्ठ कार्यकर्तेही त्या दोघांत आहेत. दोन तास वाद घातल्यावर ते स्वतःच म्हणाले, "मला घ्या. मुख्याध्यापक माझ्याच वर्गात होता."

वही परत मिळालेली नाही. पण ती ओळ लिहिणाऱ्या मुलीने जप्तीच्या आधीच सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. दुसरी वही सुरू झाली आहे, आणि या वेळी तिच्या दोन प्रती आहेत. त्या तीन मुलांपैकी एक जण भट्टीवरून आल्यावर जूनमध्ये परत शाळेत आला. दुसऱ्या वहीत पहिल्या पानावर बाकीच्या दोघांची नावं आहेत आणि समोर लिहिलंय, कोणत्या भट्टीवर आहेत ते विचारून येणे.

जय भीम.